सितैन म्हणजे साठ: डोक्यात काय ठेवावं, यंत्रात काय टाकावं

माझ्या संगणकात ‘१७०५ इनामपत्र नक्कल’ नावाची एक फाईल दीड वर्ष पडून होती. सासऱ्यांच्या माडीवर पत्र्याची पेटी होती, तिच्यातून निघालेल्या मोडी कागदांपैकी हा एक. मी नुकतीच मोडी शिकले होते, उत्साह दांडगा होता. कागदावर सुहूर सन होता, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली, आकडे अरबी शब्दांत लिहिणारी कालगणना: ‘सितैन मया व अलफ’. मी तो ‘सित मया व अलफ’ असा वाचला. सित म्हणजे सहा, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११०६, त्यात ५९९ मिळवले की १७०५. फाईलला नाव दिलं आणि पुढच्या कागदाकडे वळले.

सितैन म्हणजे साठ. खरा सन ११६०, म्हणजे १७५९-६०. एका ‘ऐन’पायी कागद चोपन्न वर्षं मागे गेला. नानासाहेब पेशव्यांच्या काळातले कागद शोधायला मी कितीदा तरी संगणक उपसला असेल, पण तो कागद कधी वर आलाच नाही. येणार कसा? संगणकाच्या दृष्टीने तो शाहू छत्रपती साताऱ्यात यायच्याही आधीचा होता.

चूक सापडली ती यंत्रामुळे नाही. भांडी घासता घासता मजकुरातलं ‘बाळाजी बाजीराव’ (म्हणजेच नानासाहेब) हे नाव आठवलं आणि मनात आलं, हे पेशवे झाले १७४० साली, मग १७०५च्या कागदात कसे? पेशव्यांच्या कारकिर्दीची सालं मी तेव्हा नुकतीच पाठ केली होती. ती डोक्यात नसती तर फाईल आजही तिथेच असती.

तेव्हापासून मी दोन वेगवेगळी कामं करते. काही गोष्टी डोक्यात पक्क्या बसवते आणि बाकीच्या बाहेर, पण सापडतील अशा ठेवते. दोन्हींसाठी आज फुकट किंवा जवळपास फुकट साधनं आहेत. माझं उदाहरण मोडी कागदांचं आहे. तुम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असाल, जर्मन शिकत असाल किंवा सह्याद्रीतल्या झाडांची नावं लक्षात ठेवू पाहत असाल, तरी पद्धत हीच.

आधी आठवडाभर नुसती नोंद

ॲप उतरवायची घाई करू नका. एक छोटी वही घ्या आणि सात दिवस जे जे शोधावं लागलं, विचारावं लागलं किंवा आठवलं नाही, ते एका ओळीत लिहा. माझ्या वहीत असं होतं: ‘समानीन म्हणजे किती? (चौथ्यांदा)’, ‘मशारनिल्हे = वर सांगितलेला’, ‘तो विहिरीचा करार कुठे ठेवला?’, ‘छ म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिन्याची तारीख’, ‘गॅसची ग्राहक संख्या’.

आठवड्याने प्रत्येक ओळीपुढे ‘डोकं’ किंवा ‘बाहेर’ असं लिहा. ठरवायचं कसं? कामाच्या ओघात ती गोष्ट लागते आणि ती शोधायला थांबलं की ओघ तुटतो, तर ती डोक्यात. समानीनसाठी चार वेळा तक्ता उघडावा लागत असेल तर वाक्याचा अर्थ हातातून निसटतोच. दुसरी खूण जास्त महत्त्वाची वाटते मला: जी गोष्ट माहीत नसेल तर चूक झाली आहे हेच कळणार नाही, ती डोक्यात. पेशव्यांची सालं यात बसतात. बाकी सगळं बाहेर. गॅसचा क्रमांक पाठ करून मला कुठे मिरवायचं आहे!

बाहेर ठेवलेल्या गोष्टीचं काय होतं यावर बेट्सी स्पॅरो, जेनी लिउ आणि डॅनियल वेगनर यांचं संशोधन २०११ साली ‘सायन्स’मध्ये आलं होतं. माहिती साठवली जाणार आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांना ती कमी आठवली. मात्र ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, हे माहितीपेक्षा बरं लक्षात राहिलं. यात घाबरण्यासारखं काही नाही. घरातल्या डब्यांचंही असंच असतं, जिरं किती उरलंय ते सांगता येत नाही, पण डबा कुठला ते अंधारातही कळतं. अडचण येते ती डब्यावर चुकीची चिठ्ठी चिकटवली की.

डोक्यात बसवायचं ते अंतराने

हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही वेळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचे. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, तासाभराने ४४ टक्के, दिवसाने ३४, आणि महिन्याने २१. म्हणजे पडझड होते ती पहिल्या तासा-दिवसात, पुढे ती मंदावते. पहिल्या उजळण्या जवळजवळ आणि पुढच्या लांबत जाणाऱ्या ठेवतात, त्यामागचा हिशेब असा.

दुसरी गोष्ट, वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आपल्याकडे पाढे म्हणून घेत, पुस्तक मिटून, उभं करून. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे सगळं तसंच डोक्यात उतरलं. त्या शिक्षणातला मार विसरून जाऊ, पण पुस्तक मिटण्याची युक्ती सोडू नये.

याला यंत्राची जोड कशी मिळाली? १९७२ साली सेबास्टियान लाइटनर यांनी चिठ्ठ्यांच्या खोक्याची पद्धत मांडली: आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्या कप्प्यात. १९८७ साली पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांनी हे काम संगणकाकडे दिलं, प्रत्येक चिठ्ठीचं अंतर वेगळं मोजून. २००६ साली आलेलं अँकी हे त्याच वाटेवरचं फुकट साधन. जपानी भाषेत ‘अँकी’ म्हणजे पाठांतर.

अँकी लावून घेणं

संगणकावरचं अँकी फुकट आहे. अँड्रॉइड फोनवर अँकीड्रॉइड, तेही फुकट. आयफोनवरच्या ॲपला एकदाच पैसे पडतात. त्याच नावाची भुरटी ॲपं दुकानात बरीच आहेत, म्हणून अँकीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच जा. अँकीवेबवर फुकट खातं काढलं की संगणक आणि फोन जुळून राहतात. चिठ्ठ्या संगणकावर करा आणि उजळणी फोनवर. फोनवर चिठ्ठ्या करत बसलात तर आठ दिवसांत कंटाळाल.

मग सेटिंगमध्ये दोनच गोष्टी बघा. रोजच्या नव्या चिठ्ठ्या मुळात २० असतात, त्या ८ करा. ढोबळ अंदाज असा की रोज जितक्या नव्या, त्याच्या सात-दहा पट उजळणी काही आठवड्यांनी रोज समोर येते. वीस नव्या म्हणजे दीडशे-दोनशे जुन्या, आणि मग लोक म्हणतात अँकी चालत नाही. दुसरं, ‘एफएसआरएस’ नावाची नवी गणनपद्धत चालू करा. ती तुमच्याच चुकांवरून अंतर ठरवते. तिच्यात ‘किती आठवायला हवं’ हा आकडा ०.९० असतो, तो राहू द्या. ०.९७ केलात तर उजळणीचा डोंगर होईल.

आणि बटणं. उत्तर आलं नाही तर ‘अगेन’, आलं तर ‘गुड’. ‘हार्ड’ म्हणजे आलं पण कष्टाने. न आलेल्यावर ‘हार्ड’ दाबायची सवय फार जणांना असते. ‘अगदीच विसरले नव्हते गं’ असं आपण यंत्राला समजावत असतो, आणि यंत्र ती चिठ्ठी आठवली असं धरून पुढे ढकलतं. मी पहिले दोन महिने हेच केलं.

चिठ्ठी कशी करायची: सुहूर सनाचं उदाहरण

इथे थोडं थांबू, कारण सगळं काम चिठ्ठीच्या घडणीवर आहे.

माझी पहिली चिठ्ठी होती: ‘सुहूर सनातली सर्व संख्यानामं सांगा.’ मागे एकवीस नावं. अठरा आली आणि तीन चुकली, तर दाबायचं काय? अशी चिठ्ठी दर वेळी चुकते, दर वेळी परत येते आणि शेवटी तिचा रागच येतो. ती मोडून मी एकवीस चिठ्ठ्या केल्या.

एकं अशी: इहिदे १, इसन्ने २, सल्लास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सब्बा ७, समान ८, तिस्सा ९, अशर १०. दहाच्या पटींची नावं: अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मग मया १००, मयातैन २००, अलफ १०००. कागदांत लेखनिकागणिक वर्ण थोडे इकडेतिकडे होतात, ते धरून चाला.

आता एक चिठ्ठी, एक प्रश्न. पुढे ‘सितैन’, मागे ‘६०’. यात माझ्यासारखी चूक होणारच, म्हणून जोड्या मुद्दाम एकमेकींसमोर उभ्या केल्या. पुढे: ‘सित आणि सितैन, साठ कोणता?’ पुढे: ‘मया ते मयातैन, फरक कितीचा?’ जिथे गोंधळ होतो, तिथे गोंधळाचीच चिठ्ठी करायची.

काहींना खुंटी हवी असते. ‘अशर’ मला मोहरमवरून पक्का झाला, मोहरमचा दहावा दिवस आशुरा. ‘सब्बा’त साताचा ‘स’ आहे. ‘समान’साठी मला काही सुचलं नाही, तो नुसता उजळून उजळून बसला. प्रत्येक गोष्टीला खुंटी शोधत बसू नये.

प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा. अँकीत ‘बेसिक अँड रिव्हर्स्ड’ नावाचा प्रकार आहे, तो ‘सितैन’वरून ६० विचारतो आणि ६०वरून ‘सितैन’ही. सुलट-उलट म्हणण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. घनपाठात वैदिक शब्द १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमाने म्हणतात. एखादा शब्द निसटला तर पुढची गुंफणच अडखळते, म्हणजे चूक जिथल्या तिथे पकडली जाते. लिहून न ठेवता मजकूर बिनचूक पुढच्या पिढीकडे देण्याचं ते तंत्रज्ञानच होतं.

नुसती नावं आली म्हणजे सन आला असं होत नाही. वापराच्या चिठ्ठ्याही हव्यात. माझी आवडती अशी:

पुढे: ‘इहिदे सितैन मया व अलफ, जानेवारी महिना. इसवी सन?’
मागे: ‘१ + ६० + १०० + १००० = ११६१. जानेवारी म्हणून ६०० मिळवायचे. १७६१. (पानिपत, १४ जानेवारी.)’

सुहूर सन मृगाला, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बदलायचा. म्हणून ढोबळमानाने जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मेपर्यंत ६००. मेच्या शेवटच्या किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यातला कागद असेल तर जंत्री (तारखा जुळवायचा तक्ता) बघायची, अंदाज करायचा नाही. हा नियमही एका चिठ्ठीत आहे. पानिपताचं साल सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे गणित चुकलं तर लगेच कळतं. नवीन गोष्ट पक्क्या माहीत असलेल्या गोष्टीला बांधली की ती लवकर बसते.

अक्षरांच्या चिठ्ठ्यांसाठी वेगळी शिफारस. मोडी अक्षरं २०१४ साली युनिकोडमध्ये आली आणि संगणकावर टंकताही येतात. तरी चिठ्ठीवर टंकलेलं अक्षर लावू नका. टंकातली मोडी साफसूफ असते, पेटीतली तशी नसते. आधी पानभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेलं असतं, ऱ्हस्व-दीर्घ बघितलेलं नसतं, आणि लेखनिकाची घाई अक्षराअक्षरांत असते. म्हणून आपल्याच कागदाच्या छायाचित्रातून शब्द कापून घ्या. पुढे चित्र, मागे देवनागरी वाचन आणि कागदाचा क्रमांक. आख्ख्या ओळीतला एकच शब्द झाकून विचारायचा असेल तर अँकीत चित्रावर पट्टी ठेवायची सोय आहे. ‘बितपशील’ (तपशीलवार) हा शब्द मला तीन वेगळ्या हातांतून कापलेल्या तीन चिठ्ठ्यांनी ओळखता यायला लागला. त्याआधी प्रत्येक नवा लेखनिक म्हणजे नवी लिपी वाटायची.

दुसऱ्यांनी केलेले तयार संच घ्यावेत का? मी एकदा हजारभर चिठ्ठ्यांचा संच उतरवला आणि चौथ्या दिवशी सोडला. त्यात काही चुकीचं नव्हतं, पण त्यातला एकही शब्द मी कुठे अडखळून गोळा केलेला नव्हता. भाषेच्या पहिल्या पाचशे शब्दांसाठी तयार संच ठीक. बाकी स्वतःचा.

रोजचा वेळ

सकाळचा चहा उकळेपर्यंत पाच मिनिटं, रात्री दहा. एवढंच. सुट्टीच्या दिवशी भरपाईचा बेत करू नका, अंतराच्या उजळणीत रविवारचे दोन तास आठवड्याच्या पंधरा-पंधरा मिनिटांची जागा घेत नाहीत.

खंड पडणारच. घरात लग्न निघालं आणि माझ्या तीनशे चिठ्ठ्या साचल्या. अशा वेळी नव्या चिठ्ठ्या शून्यावर आणा आणि रोज ठरावीक साठ-सत्तर जुन्या संपवत चला, आठवड्यात पाटी कोरी होते. आणि एखादी चिठ्ठी आठ वेळा चुकली की अँकी तिच्यावर ‘लीच’, म्हणजे जळू अशी खूण करतं, आणि सेटिंग तसं असेल तर तिला बाजूलाही काढतं. ती तशीच चालू ठेवू नका. ती वाईट घडली आहे, मोडून नव्याने लिहा किंवा सरळ टाकून द्या.

बाहेरची आठवण: कागद

आता पेटीकडे. क्रम असा ठेवा: आधी मूळ कागद सुरक्षित, मग छायाचित्र, मग नाव, मग नोंद. मी छायाचित्रांपासून सुरुवात केली होती आणि घडी उघडताना एका कागदाचा कोपरा हातात आला.

कडक झालेली घडी जोर लावून उघडू नका. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. काजळीची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे ओला फडका जवळपास फिरकू देऊ नका. हात धुऊन, कोरडे करून काम करा. ठेवायला सुती कापड किंवा साधा आम्लविरहित कागद, प्लास्टिकची पिशवी नाही.

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरतात, बारीक किंवा पुसट मजकुराला ६००. नसेल तर फोन चालतो. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड घ्या, फ्लॅश बंद, कागद सपाट, फोन वरून समांतर. कडेला एक मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. पाठकोऱ्या दिसणाऱ्या बाजूचाही फोटो घ्या, शेरे आणि शिक्के बहुधा तिथेच असतात. आणि स्कॅन करणाऱ्या ॲपमधली ‘डॉक्युमेंट’ नावाची काळी-पांढरी चाळणी बंद करा. ती कागद छान पांढरा करते आणि त्याबरोबर पुसट शाई, शिक्क्याचा ठसा, पाण्याची रेघ सगळं धुऊन टाकते. रंगीत मूळ प्रत ठेवा, उजळ करायची तर तिची नक्कल करून करा.

नाव देताना साल, गाव, विषय, क्रमांक: ‘१७५९ वाई इनाम नक्कल ०४ पुढील बाजू’. सालाची खात्री नसेल तर तसं लिहा, ‘१७५९ शंकास्पद’. मी तेव्हा एवढं केलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. आकडे देवनागरी की इंग्रजी ते एकदाच ठरवा, कारण ‘१७५९’ शोधल्यावर दुसऱ्या अंकांतलं १७५९ प्रत्येक यंत्र काढून देईल असं नाही.

खरी किल्ली म्हणजे नोंदवही

फोटो साठवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं एका साध्या तक्त्यात होतं, एक्सेल किंवा गूगल शीट्स काहीही चालेल. माझ्या तक्त्याचे रकाने: क्रमांक, कागदावरचा सन जसाच्या तसा, काढलेला इसवी सन, गाव, माणसांची नावं, विषय एका ओळीत, मूळ कागद कुठे, वाचन कोणी केलं, शंका, आणि शेवटचा ‘संबंधित’.

‘जसाच्या तसा’ हा रकाना चुकवू नका. गणित चुकलं तर परत मूळ शब्दांपर्यंत जाता आलं पाहिजे. तिथे ‘सितैन’ लिहिलेलं असतं तर निदान पुढच्या वाचणाऱ्याला माझी चूक दिसली असती.

‘संबंधित’ रकान्यात दुसऱ्या कागदांचे क्रमांक आणि नातं लिहायचं: ‘क्र. ११ मधल्या विहिरीचा हाच तंटा’. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने जुलै १९४५च्या लेखात ‘मेमेक्स’ नावाचं एक कल्पित टेबल मांडलं होतं, माणसाच्या स्मरणाला जोड देणारं. त्याचा भर साठवणीपेक्षा एका कागदाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटांवर होता. ते टेबल कधी बनलं नाही. पण वाटांचा हा रकाना कुणालाही करता येतो, आणि सहा महिन्यांनी सगळ्यात जास्त तोच उघडला जातो, हा माझा अनुभव.

छापील देवनागरीचं काम वेगळं आणि सोपं आहे. जुनी पत्रिका किंवा गावच्या यात्रेचं छापील पत्रक गूगल लेन्सखाली धरलं तर मजकूर बऱ्यापैकी उचलला जातो, मग तो शोधताही येतो. जोडाक्षरं आणि आकडे मात्र डोळ्यांनी तपासा. जमिनीचे जुने अभिलेख हवे असतील तर शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे फेरफार आणि सातबारा स्कॅन करून ठेवले आहेत. शब्दाचा अर्थ अडला तर मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, आणि मराठी विश्वकोश तर आमच्या वाईतलाच, तोही फुकट. मोडी शिकायची असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं. आणि मोडी महाराष्ट्रापुरती नाही, तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागद आहेत.

माणसांच्या आठवणी

पेटीतल्या कागदात ‘देवाचे रान’ असा उल्लेख होता. तक्त्यात मी ‘बहुधा देवस्थानची जमीन’ असं लिहून ठेवलं होतं. आतेसासूबाईंना कागद दाखवला तर त्या म्हणाल्या, “अगं, देवाचं कसलं! देवबा नावाचा वाटेकरी होता, त्याचं रान. आम्ही तिथं भुईमूग वेचायला जायचो.” ही माहिती कुठल्याही कागदात नाही.

फोनचं ध्वनिमुद्रण पुरतं. विमानासारखी खूण असलेली सोय चालू करा म्हणजे मध्येच फोन येत नाही, पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर उशीवर ठेवा. सुरुवातीला परवानगी विचारा आणि तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आवाजात नोंदवा. ‘काय काय आठवतं?’ असं विचारू नका, कागद किंवा फोटो हातात द्या. वीस-पंचवीस मिनिटांत थांबा, वयस्कर माणूस थकतं. त्याच रात्री ऐकून मिनिटांच्या खुणा करा: ‘०७ मि. – देवबाचं रान’. आख्खं लिहून काढायचं तर गूगल डॉक्सचं मराठी बोलून-टंकन मदत करतं, मी स्वतः ऐकत ऐकत तेच वाक्य पुन्हा स्पष्ट बोलते.

कृत्रिम बुद्धिमत्तेला काय विचारावं

एका गप्पायंत्राला मी मोडी पानाचा फोटो दिला. त्याने झरझर सुबक वाचन दिलं, ‘आशीर्वाद विशेष’ वगैरे सगळं. कागदावर ते शब्द नव्हतेच. पत्र कसं असतं हे त्याला ठाऊक होतं, त्यावरून त्याने पत्र रचलं. मोडी न येणाऱ्या माणसाला ते खरंच वाटलं असतं.

म्हणून मी आधी चाचणी घेते: स्वतः पूर्ण वाचलेलं पान द्यायचं आणि किती जुळतं ते पाहायचं. न वाचलेल्या पानाचं त्याचं वाचन तक्त्यात ‘यंत्रवाचन, न तपासलेलं’ अशा शेऱ्यासह जातं. उपयोग होतो तो उलट बाजूने. मी केलेली लिप्यंतरं एकत्र देऊन ‘या चाळीस कागदांत पाण्याच्या तंट्याचे उल्लेख कुठे कुठे आहेत, कागदाचा क्रमांक आणि मूळ ओळ दे’ असं विचारायचं. नोटबुकएलएमसारखी साधनं आपण दिलेल्या मजकुरातूनच उत्तर काढतात आणि स्रोत दाखवतात, तरी ओळ उघडून बघायचीच. हयात माणसांचे आधार क्रमांक, चालू दाव्यांचे कागद असलं काही अशा ठिकाणी चढवू नका.

प्रती

घर बदलताना माझी हार्ड डिस्क टेम्पोतून पडली. चारशे फोटो गेले, दोनशे परत काढले, बाकीचे कागद तोवर वाटणीत दुसऱ्या घरी गेले होते. आता तीन प्रती: संगणक, बाहेरची डिस्क आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा पुतण्याच्या घरच्या डिस्कवर. अँकीचा संचही महिन्यातून एकदा निर्यात करून तिथेच टाकते. डिस्क कपाटात ठेवली म्हणजे ती चालते असं नाही, दर दिवाळीच्या साफसफाईत दोन-चार फाईली उघडून बघा.

महिन्याची परीक्षा

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुतण्या मला तीन प्रश्न विचारतो आणि घड्याळ लावतो. दोन ‘काढून दाखव’ प्रकारचे: विहिरीचा करार, आतेसासूबाईंचं देवबावरचं बोलणं. एका मिनिटात सापडलं नाही तर नाव किंवा नोंद चुकली आहे, तिथल्या तिथे दुरुस्त करायची. तिसरा ‘न बघता सांग’ प्रकारचा. चुकलं तर त्याची नवी चिठ्ठी.

गेल्या वेळी त्याने विचारलं, “काकू, समान तिसैन मया व अलफ, जुलै महिना?” आठ, नव्वद, शंभर, हजार, ११९८. जुलै म्हणून ५९९. “सतराशे सत्त्याण्णव,” मी म्हटलं. त्याला ते तपासायला फोन काढावा लागला.